मल्लांचीं आत्मवृत्तें : इतिहासाचें एक अलिखित साधन

कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड व टिटवाळा या दोन स्थानकांचे दरम्यान आंबिवली हें स्थानक लागतें. या भागांतील गांवोगांवच्या जत्रांत देवाच्या पालखीनंतर कुस्त्यांचा फड भरण्याची वहिवाट आहे. अशाच एका फडाचे कडेस बसलों असतां दोन वृद्ध गृहस्थांमध्यें चाललेला वाद आमच्या कानीं आला. कोणता मल्ल मोठा हा वाद फडावर नेहमींचाच. परंतु हा त्याहून निराळा होता. होऊन गेलेल्या मल्लांपैकीं कोणीं आपलें आत्मचरित्र लिहिलें असतें तर तें सर्वांत खरें व सर्वांत वाचनीय झालें असतें, असा तो प्रश्न होता. वाद मिटला नाहीं. शेवटची जोड लागली, हलगी वाजूं लागली व दोघेहि उठून उभे राहिले. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरीं आला. वरवर पाहतां हा करमणुकीचा विषय वाटतो. पण विचारांतीं तो साधनचिकित्सेचाच आहे असें दिसून येईल, म्हणून वाचकांपुढें मांडतों.

मल्लविद्येच्या इतिहासाचीं साधनें आपल्याकडे अगदींच थोडीं आहेत असें नाहीं. चालुक्य नृपति तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० चे सुमारास रचिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशा प्रती, त्यांचा आहार व त्यांचे श्रम यांची माहिती येते. (हा राजा कल्याणचा खरा, परंतु तें कल्याण म्हणजे आमच्या शेजारचें कल्याण बंदर नव्हे, तर बिदरकडील बसवकल्याण होय. नामसादृश्यामुळें हा घोटाळा या बाजूस वारंवार होतो म्हणून येथें नमूद केलें.) गुजराथेंतील ज्येष्ठीमल्लांचें ‘मल्लपुराण’ सांडेसरा व मेहता यांनीं संपादून १९६४ सालीं बडोद्यास प्रसिद्ध झालें. त्याच बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले; डावपेंचांचा एवढा संग्रह दुसऱ्या कोणत्याहि भारतीय भाषेंत क्वचितच असेल.

परंतु या सर्व साधनांत एक उणीव समान आहे. ‘मानसोल्लास’ राजानें लिहिला, ‘मल्लपुराण’ पंडितानें गुंफिलें, ज्ञानकोश संग्राहकानें रचिला. ज्याच्या पाठीस माती लागली किंवा ज्यानें ती दुसऱ्याच्या पाठीस लाविली, तो स्वतः कोठेंच बोलत नाहीं. मोहिमेचा इतिहास केवळ फर्मानांवरून लिहावा आणि शिपायाचें एकहि पत्र उपलब्ध नसावें, तशी ही स्थिति आहे.

शिपायाच्या पत्राची किंमत काय, हें कल्याणकरांस सांगावयास नको. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेंत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं आंतून पाहिला, आणि पुढें उतारवयांत तो वृत्तांत लिहून ठेविला. त्याचें महत्त्व ओळखून १९०७ सालीं तो ‘माझा प्रवास’ या नांवानें ज्यांनीं प्रसिद्ध केला, ते भारताचार्य चिंतामणराव वैद्य मूळचे कल्याणचे. गोडसे भटजी योद्धे नव्हते, मुत्सद्दी नव्हते; दक्षिणा मिळवावयास गेलेले भिक्षुक होते. परंतु भय वाटलें तेथें भय वाटलें असें त्यांनीं लिहिलें, लुटले गेले तेथें लुटलों असें लिहिलें. म्हणूनच त्या ग्रंथावर विश्वास बसतो. वैद्यांच्या आवृत्तींत मूळ लेखनांत फेरफार झाले होते, आणि मूळ हस्तलिखितास धरून असलेला पाठ महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं पुढें आणला, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तिचा उपयोग शेवटीं करावयाचा आहे.

आतां मल्लाच्या आत्मवृत्तास कोणत्या कसोट्या लावाव्या तें पाहूं. पहिली कसोटी पराजयाची. जिंकलेल्या कुस्तीचे साक्षीदार हजारों असतात. मल्लानें ती न सांगितली तरी चालतें. हरलेल्या कुस्तीचें कारण मात्र दोघांसच ठाऊक असतें, आणि त्यांतील एकास तें सांगण्याची गरज नसते. दुसरी कसोटी पैशाची. इनाम किती ठरलें, हातीं किती आलें, खुराकाचा खर्च कोणीं सोसला, बरोबरीनें सुटलेली कुस्ती खरोखर बरोबरीची होती कीं फडाबाहेर ठरली होती, हें जो सांगेल त्याचें बाकीचेंहि खरें मानावें. तिसरी कसोटी अशी कीं, लेखकानें एकाहून अधिक जगें पाहिलेलीं असावीं. ज्यानें एकच तालीम पाहिली त्यास तिचें वैशिष्ट्य दिसत नाहीं. वाचनीयता बहुधा या तिसऱ्या गोष्टींतून येते.

या कसोट्या हातीं घेऊन कांहीं व्यक्तींचा विचार करूं. कालक्रमानें पहिले बाळंभटदादा देवधर. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या या मल्लाविषयीं परंपरा अशी कीं, निजामाकडील अली व गुलाब या दोन पहिलवानांनीं पुण्यास आव्हान दिलें, कोणी पुढें येईना. तेव्हां बाळंभटांनीं मुदत मागून घेतली, सप्तशृंगीच्या सान्निध्यांत उपासना केली, हनुमंतानें त्यांस लांकडी खांबावरील उड्या शिकविल्या, आणि परत येऊन त्यांनीं अलीस चीत केलें. मल्लखांबाच्या उत्पत्तीची ही कथा आजहि शिकवणीच्या आरंभीं सांगतात. परंतु स्तंभावरील श्रमाचा उल्लेख ‘मानसोल्लासां’तच सांपडतो, म्हणजे बाळंभटांनीं मल्लखांब निर्माण केला नसून विस्मृतींत गेलेली विद्या पुन्हा चालू केली, असें मानणें प्राप्त होतें. मग ती त्यांस कोठें मिळाली? एकाद्या जुन्या वस्तादाकडे, कीं केवळ वानरांच्या उड्या पाहून? बाळंभटांचें आत्मवृत्त असतें तर हा निर्णय एका ओळींत झाला असता. तथापि तें कितपत निर्भीड झालें असतें याविषयीं आम्हांस शंका आहे. पेशव्यांच्या आश्रितास दैवी साक्षात्काराची कथा मोडून काढण्यांत लाभ कांहींच नव्हता.

यानंतरचा काल कोल्हापूरचा. छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागृह पाहून त्यांच्या मनांत तशा मैदानाची कल्पना आली असें सांगतात. खासबागेचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें व तेथील उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन या उत्तरेकडील मल्लांत झाली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींचीं नांवें पुढें महाराष्ट्रभर झालीं. हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. त्यामानानें कमी सांगितली जाणारी गोष्ट निराळी आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींतील मल्लांशीं इतर मल्ल जोड धरीत नसत. महाराजांनीं त्यांस ‘जाट’, ‘सरदार’, ‘पंडित’ अशीं नवीं उपनांवें देऊन फडांत उतरविलें, अशी कोल्हापूरची परंपरा आहे.

या उपनांवांत एका संपूर्ण आत्मचरित्राचें बीज आहे असें आम्हांस वाटतें. फडांत पुकारा होतांना आपलें घरचें नांव न घेतां दुसरेंच घेतलें जातें, हें ऐकून त्या मल्लाच्या मनांत काय आलें असेल? समोरच्यास खरें ठाऊक होतें कीं नव्हतें? ठाऊक असून त्यानें सलामीचा हात दिला असेल, तर तो महाराजांच्या धाकानें कीं मल्लधर्मानें? मातींत अंगास अंग भिडतें, घाम घामांत मिसळतो. तेथें शिवाशिवीचें शास्त्र क्षणभरहि टिकत नाहीं. कुस्ती सुटल्यावर मात्र दोघे निरनिराळ्या पाणवठ्यांवर अंग धुवावयास गेले असतील. इनामाचा फेटा बांधून गांवीं परतल्यावर तो फेटा कोणत्या वेशीपर्यंत डोक्यावर राहिला? महाराजांच्या औदार्याची साक्ष त्यांच्या आज्ञापत्रांवरून मिळते. त्या औदार्याची पोंच कोठवर गेली याची साक्ष केवळ हा मल्लच देऊं शकला असता. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांस तो उतरतो. दोन जगें पाहावयास त्यास समुद्र ओलांडावा लागला नाहीं. गांवची वेस पुरे झाली.

समुद्र ओलांडलेल्यांत गामा पहिलवानाचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९१० सालीं तो आपला बंधु इमामबक्ष (खासबागेच्या उद्घाटनास लढलेला तो हाच) याजसह लंडनास गेला. १० सप्टेंबर १९१० रोजीं पोलंडचा स्टानिस्लाउस झिबिस्को याच्याशीं त्याची कुस्ती झाली. गामानें त्यास आरंभींच खालीं घेतलें; परंतु झिबिस्को भुईस असा चिकटला कीं अडीच तासांहून अधिक वेळ लोटला तरी निकाल लागेना. पुढील आठवड्यांत पुन्हा लढावयाचें ठरलें, पण झिबिस्को फिरकलाच नाहीं व पट्टा गामास मिळाला. १९२८ च्या जानेवारींत पतियाळा येथें दोघे पुन्हा भेटले. या वेळीं मातीच्या आखाड्यांत गामानें त्यास एका मिनिटाच्या आंत चीत केलें. किती सेकंद लागले याविषयीं निरनिराळे आकडे सांगतात. मल्लांच्या इतिहासांत दंतकथा किती लवकर रुजते याचें हें उत्तम उदाहरण आहे.

गामाची कीर्ति मोठी. परंतु त्याचें आत्मचरित्र तेवढें रोचक झालें असतें असें वाटत नाहीं. जो कधीं हरला नाहीं असें म्हणतात, त्यास पहिल्या कसोटीवर घासावें तरी कसें? लाहोरास १९६० सालीं तो वारला. उतारवयांत आजार व हलाखी यांनीं त्यास गांठलें होतें. त्याच्या वृत्तांत वाचण्याजोगा भाग असता तो हाच. उलट झिबिस्को पाहा. लंडनास भुईस धरून पडून राहण्यांत त्यास लाज वाटली कीं शहाणपण वाटलें? त्याहून गंमतीची हकीकत १९२५ ची आहे. अमेरिकेंत त्या काळीं धंदेवाईक कुस्त्यांचे निकाल कंत्राटदार आधींच ठरवीत. वेन मन नांवाच्या एका चेंडूखेळाडूस त्यांनीं जगज्जेता बनविला होता. एप्रिल १९२५ त फिलाडेल्फिया येथें वृद्ध झिबिस्कोनें ठरल्याप्रमाणें हरावयाचें होतें. त्यानें तसें न करितां मन यास खरोखरीच चीत केलें व प्रतिपक्षाच्या कंत्राटदारांकडे निघून गेला! जी कुस्ती खोटी व्हावयाची ती त्यानें खरी केली, तीहि प्रामाणिकपणानें नव्हे तर दुसऱ्या सौद्यासाठीं. मनोरंजनांत या मल्लाच्या हकीकतीस तोड नाहीं. विश्वासाचा प्रश्न निराळा.

या धंदेवाईक वर्गानें पुढें लेखणी हातीं घेतली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षांत आलेली नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंतील न्यूजर्सी प्रांताच्या विधिमंडळापुढें त्या व्यवसायाच्या चालकांनींच कबूल केलें कीं हा सामना नसून करमणूक आहे. त्यानंतर मल्लांचीं तोंडें उघडलीं. लू थेझ याचें आत्मवृत्त १९९५ त आणि मिक फोली याचें १९९९ त आलें. फोलीनें तें स्वहस्तें लिहिलें व त्याचा खप मोठा झाला. निकाल खोटा असला तरी पडल्यावर मोडणारें हाड खरें असतें, हें त्यांतून वाचकांस कळलें. आपल्याकडे दारासिंगांनीं १९८९ सालीं पंजाबींत आत्मकथा लिहिली. थेझ यास ज्यांनीं १९६८ सालीं मुंबईंत जिंकलें ते हेच. वरळीच्या वल्लभभाई पटेल क्रीडागृहांत किंगकाँगसारख्या अवाढव्य मल्लांशीं त्यांच्या कुस्त्या पाहावयास मुंबई लोटत असे. पंजाबी मल्लानें लिहिलें, अमेरिकन मल्लांनीं लिहिलें. मराठी मल्लविद्येचा मात्र एवढा बोलबाला असूनहि ही शाखा आपल्या वाङ्मयांत बहुतेक ओसच पडली आहे.

ज्यांच्या मौनाची हळहळ सर्वाधिक वाटावी असे मराठी मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथें १९२६ सालीं जन्म. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें सहावा क्रमांक. १९५२ सालीं हेलसिंकी येथें ५७ किलो वजनाच्या गटांत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. एवढें कोणत्याहि कोशांत मिळतें. परंतु त्या पदकामागील हकीकती पाहा. प्रवासखर्चासाठीं गांवानें वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असें सांगतात. जपानच्या इशी याच्याशीं दीर्घ झुंज झाल्यावर नियमाप्रमाणें मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांति न मिळतां त्यांस रशियाच्या ममेदबेकोव्हपुढें उभें राहावें लागलें, आणि त्यांची बाजू मांडावयास एकहि भारतीय अधिकारी तेथें नव्हता, असेंहि त्यांच्या चरित्रकथांत येतें. दप्तरीं निकाल नोंदला जातो. तो अर्धा तास कोणत्याहि दप्तरांत नाहीं.

१९५५ सालीं खाशाबा मुंबईच्या पोलिस दलांत उपनिरीक्षक झाले, १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत वारले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांस मृत्यूनंतर, २००० सालीं, मिळाला. त्यांच्या हयातींतील सुमारें तीस वर्षें अशीं गेलीं कीं ज्या देशाचें पहिलें पदक त्यांनीं आणलें त्या देशास त्यांची विशेष आठवण नव्हती. या वर्षांविषयीं त्यांनीं काय लिहिलें असतें? तक्रारीचा सूर असता कीं नसता? त्यांच्याबरोबरच हेलसिंकीस गेलेले कोल्हापूरचे केशव माणगावे हे तर पदकाच्या उंबरठ्यावरून परतले. एकाच तांबड्या मातींत वाढलेले दोघे एकाच विमानमार्गानें परततात, एकाच्या गळ्यांत पदक आहे व दुसऱ्याच्या नाहीं. त्या दुसऱ्याची वही सांपडती तर ती पहिल्याच्या वहीइतकीच मोलाची ठरली असती. पहिल्या कसोटीवर कदाचित् अधिकच.

यानंतरच्या पिढीचे वृत्त अधिक जवळचें, म्हणून अधिक दुःखद. श्रीपति खंचनाळे १९५९ सालीं पहिले हिंदकेसरी झाले. पुढील वर्षीं तो मान गणपतराव आंदळकरांकडे आला. १९६१ सालीं औरंगाबादेस दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत मारुती माने व आंदळकर या दोघांनींहि सुवर्णपदकें मिळविलीं. तांबड्या मातींतून गादीवर जाण्याचा संक्रमणकाल यांनीं अंगावर घेतला. मातींत वेळेचें बंधन नसे, चीत झाल्याखेरीज निकाल नसे. गादीवर घड्याळ आलें, गुण आले, कुस्ती मिनिटांत मोजली जाऊं लागली. राजाश्रय गेला, त्याजागीं साखर कारखान्यांचा व लोकवर्गणीचा आश्रय आला. हा पालट अंतर्बाह्य सांगूं शकणारे लोक हेच होते. माने २०१० त गेले, हरिश्चंद्र बिराजदार २०११ त, आंदळकर २०१८ त, दादू चौगुले २०१९ त, खंचनाळे २०२० त. दहा वर्षांत एक दप्तरखाना जळून खाक व्हावा तसें हें झालें. आणि तो जळत असतां आम्ही संशोधक मात्र शंभर वर्षांपूर्वींचे कागद चाळीत होतों.

यावर कोणी आक्षेप घेतील कीं मल्ल हा लेखक नव्हे. त्यास शब्दांचा डाव येत नाहीं. हा आक्षेप टिकणारा नाहीं. शाळेचें तोंड न पाहतां लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं, तीं मराठी गद्याचें भूषण ठरलीं. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मल्ल आपल्या वस्तादाचें उणें सांगणार नाहीं, आश्रयदात्याचें तर नाहींच. मल्लधर्मांत निष्ठेस फार मोठें स्थान आहे, आणि निष्ठा हें आत्मचरित्राचें पथ्य नव्हे. हें खरें आहे; परंतु म्हणूनच वरील निवडींत आम्ही विजेत्यांपेक्षां उपेक्षितांस व पराजितांस वरचें स्थान दिलें. ज्यास फारसें कांहीं मिळालें नाहीं त्यास झांकावयाचेंहि थोडें असतें.

तेव्हां आंबिवलीच्या बाजूच्या त्या फडावरील प्रश्नास आमचें उत्तर असें. केवळ मनोरंजन पाहावयाचें तर झिबिस्को. मनोरंजन व सत्य दोन्ही एकत्र हवीं तर खाशाबा जाधव. आणि केवळ सत्य पाहावयाचें, तेंहि जें दुसऱ्या कोणाकडून मिळणें शक्य नाहीं असें, तर खासबागेच्या काळांतील तो उसन्या नांवाचा ‘जाट’ पहिलवान, ज्याचें खरें नांव आपण पुकारलेंच नाहीं.

मेलेल्यांची वही आतां मिळणें नाहीं. परंतु प्रत्येक तालुक्यांत, प्रत्येक जुन्या तालमीच्या ओट्यावर, सत्तरी उलटलेले मल्ल अजून बसलेले दिसतात. त्यांच्याकडे जाऊन हरलेली कुस्ती, मिळालेला पैसा व तालमींत कोणास प्रवेश होता, हे तीन प्रश्न विचारावे व उत्तर जसेंच्या तसें उतरून घ्यावें. भाषा नीटनेटकी करण्याच्या मोहांत पडूं नये. गोडसे भटजींच्या पोथीचा अनुभव आपल्यापुढें आहेच. पुढील जत्रेस आम्ही कागद घेऊन जाणार आहों. इतर ठिकाणच्या अभ्यासकांनींहि आपापल्या फडावर तसें करावें, एवढीच विनंति.